लेकीच्या वजनाविषयी काही बोलू नकोस

बडोदे,
२० जून

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. लेकीला सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि हॉस्टेलही ठरलं, हे वाचून फार आनंद झाला. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू, १९४९ साली, हंसा मेहता होत्या, तिथे आपली पोर शिकणार! पण खाली तू लिहिलंस, "बारावीच्या वर्षात अंगाने फार सुटलीय. तिकडे जिम लाव म्हणून तूच सांग, माझं ऐकत नाही." हे मोठं पत्र त्या दोन ओळींसाठी आहे. मी तिच्याशी व्यायामाबद्दल जरूर बोलेन. वजनाबद्दल मात्र एक शब्द काढणार नाही, आणि तूही काढू नकोस, अशी हात जोडून विनंती आहे.

इतकी वर्षं कॉलेजात शिकवतेय, या वयाच्या मुली रोज डोळ्यांसमोर असतात. वजनाच्या धसक्याने व्यायामाला लागलेली मुलगी आधी सकाळचा नाश्ता सोडते, मग दुपारचा डबा अर्धा परत नेते. महिन्याभरात काटा हलला नाही की बूट पलंगाखाली जातात आणि "माझ्याच्याने काही होत नाही" एवढंच मनात उरतं. व्यायामाचं खरं देणं काट्यावर दिसत नाही गं. झोप लागते, चिडचिड कमी होते, परीक्षेच्या दिवसांत जीव घाबराघुबरा होत नाही. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या मुलींचं वजन तसूभर उतरलं नाही तरी नियमित हालचालीने त्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सुधारतं. आणि हाडांची बळकटी साधारण तिशीच्या आत जी कमवायची ती कमवायची, पुढे ती फक्त राखायची असते. हे सगळं आईने सांगावं की "जाडी झालीस" हे सांगावं, तूच ठरव.

मुलींना हालचालीचा कंटाळा असतो, हेही मला पटत नाही. नवरात्रात इथे ये म्हणजे बघशील. गरब्याचे क्लास पावसाळ्यातच सुरू होतात. तीन जिने चढून वर्गात आल्यावर धापा टाकणारी पोर रात्री जड घेराची चणियाचोळी घालून, हजारोंच्या रिंगणात, दोन-तीन तास थांबत नाही. टाळी, गिरकी, मान वळवून मागचीला खूण, पुन्हा टाळी. घामाने कपाळावरची टिकली सरकलेली असते आणि चेहरा असा फुललेला, की वर्गात बसते ती हीच का असा प्रश्न पडावा. तिथे तिला कुणी अडवत नाही. घरचे सोडायला येतात, रस्त्यावर उजेड असतो, सोबत मैत्रिणी असतात, उशीर झाला म्हणून कुणी बोलत नाही. दसरा झाला की हे सगळं एका रात्रीत आवरलं जातं, आणि संध्याकाळी सातला बाहेर पडायचं म्हटलं तरी "कुठे, कुणाबरोबर, कशाला" सुरू होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के प्रौढ बायकांची हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. या पंधरा टक्क्यांच्या फरकात आळस किती आणि रस्त्यावरचा अंधार, टक लावून बघणारे डोळे आणि घरातली कामं किती, हे तुला-मला सांगायला नको. मैदानाजवळ धड स्वच्छतागृह नाही म्हणून पाळीच्या दिवसांत खेळ सोडलेल्या आणि मग परत न फिरकलेल्या मुली मी पाहिल्यात.

बडोद्याला तर तालमींचा केवढा वारसा! प्रोफेसर माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलं. १९२३ साली हिंद विजय जिमखान्याच्या नियमांवर हुतूतूच्या, म्हणजे कबड्डीच्या, अखिल भारतीय स्पर्धा भरल्या त्या इथेच. पण आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० ला आली आणि बायकांची २०१० ला. मैदान मुलींच्या वाट्याला असं मागाहून येतं, म्हणून आईचा धक्का लागतो गं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिला इकडे पाठवण्याआधी रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, गुजरातेत ६५ टक्के. माझ्या वर्गातली एक मुलगी जिन्यावर मधेच कठड्याला टेकून उभी राहायची. ओठ फिके, नखं पांढुरकी. सगळे तिला आळशी म्हणायचे, तिची आईसुद्धा. तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आसपास. हवं किमान बारा. अशा मुलीला पळायला लावणं हा छळ आहे. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तीच आपणहून बॅडमिंटनला जायला लागली. लेकीला एवढं सांग, की जेवणाला लागून चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळायची सवय लाव. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

जिमचे पैसे इतक्यात भरू नकोस. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा खेळणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं मोठ्या माणसाला पुरतं. चालायला कमाटीबाग आहे. सकाळी तिथे बायकांची इतकी वर्दळ असते की नव्या मुलीला बुजल्यासारखं होत नाही. ताकदीचं म्हणशील तर उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर हॉस्टेलच्या खोलीतही होतात. खरी गरज आहे ती खालून हाक मारणाऱ्या मैत्रिणीची. ज्या मुली वर्षभर टिकतात, त्यांची कुणीतरी वाट बघत असतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पहिले काही आठवडे ती हाक मी मारीन. तशी मी रोज चालायला जातेच, आणि मावशीला नाही म्हणणं तिला जड जाईल! पुढे तिला तिच्या वयाच्या मुली भेटतील, मग मी बाजूला होईन.

तू फक्त चांगले बूट घेऊन दे, पायाला नीट बसणारे, दुकानात चालून बघितलेले. खेळायला एक सैलसर ट्रॅकपँट आणि आधार देणारी ब्रा पण घे. लाजून अनेक मुली ती घेत नाहीत आणि मग पळताना अवघडतात. फोनवर "काय खाल्लंस, किती उतरलीस" विचारण्याऐवजी "आज कुणाबरोबर खेळलीस" असं विचार.

रक्ताचा रिपोर्ट आला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. काही कमी-जास्त निघालं तर ती यायच्या आधीच इथल्या डॉक्टरबाईंची वेळ घेऊन ठेवते. गाडी कुठली ते कळव, स्टेशनवर मी येईन. तिचं पहिलं जेवण आमच्याकडेच.

भाऊजींना नमस्कार, लेकीला खूप खूप प्रेम.

तुझी,
सुधा