परीक्षण की इशारा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातलं विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'च्या प्रयोगाचं परीक्षण वाचलं. मित्रा ही कॉलेजातली मुलगी दुसऱ्या मुलीच्या, नमाच्या, प्रेमात पडते, त्याचं हे नाटक. हौशी मंडळींच्या नाटकाला दोन स्तंभ दिलेत, त्याबद्दल आभार मानायला हवेत, ते मानते. पण 'कौटुंबिक प्रेक्षकांनी विचार करूनच जावे' हे वाक्य कशासाठी? खून, बाहेरख्याली नवरे, सुनेचा छळ हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं सहकुटुंब बघतो आणि मध्यंतरात वडे खातो. तेव्हा असा इशारा कधी छापलात?

वड्यांवरून आठवलं. आपले परीक्षक मध्यंतरात उठले ते परत आले नाहीत. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होते. मध्यंतरानंतरच्या भागाबद्दल परीक्षणात अवाक्षर नाही, ते यामुळेच.

१९८१ साली रोहिणी हट्टंगडींनी केलेल्या मित्राची सर आताच्या प्रयोगात ते काम करणाऱ्या या मुलीला नाही, म्हणे. नसेलही. दिवसभर पतपेढीत पावत्या फाडून ती संध्याकाळी तालमीला येते. पण मित्रा आपल्या दोस्ताला, बापूला, स्वतःबद्दल सांगते तिथे ती 'अडखळली' हे साफ खोटं. त्या वेळी मागे काही लोक फिदीफिदी हसत होते. ते थांबेपर्यंत ती गप्प उभी राहिली आणि मग वाक्य पुरं केलं. आपल्या माणसाला हसणं ऐकू आलं नसेल तर गोष्ट वेगळी.

'तेंडुलकरांचा विषय आता जुना झाला' हे तर कळसच. आम्ही मुली वसतिगृहात राहायचो तेव्हा आलेली पत्रं आधी रेक्टरबाई फोडून वाचत. नियमच होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मुलीला तिच्या मैत्रिणीचं पत्र आलं. दोघी आमच्याच मजल्यावरच्या, एक शास्त्र शाखेची, एक कला शाखेची. बाईंनी ते पत्र रात्री जेवणघरात, सगळ्यांची ताटं वाढलेली असताना, मोठ्यानं वाचलं. 'तुझी' म्हणून केलेल्या सहीसकट. चौथ्या दिवशी एकीचे वडील एसटीनं आले आणि ट्रंक उचलून तिला घेऊन गेले. वैशाखात तिचं लग्न लागलं. दुसरी परीक्षेला बसलीच नाही. पोलीस नाहीत, खटला नाही, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. नाटकातल्या दळवीच्या हाती पत्रं लागतात तेव्हा तो निदान खलनायक म्हणून ओळखू येतो. आमच्या बाईंना निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं!

हे फक्त आमच्याकडेच झालं असंही नाही. भोपाळमध्ये दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं म्हणून १९८८च्या सुमारास त्यांना नोकरीतून काढलं. ३७७मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळायला सर्वोच्च न्यायालयाला २०१८ उजाडलं, आणि २०२३मध्ये त्याच न्यायालयानं अशा लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला. मग जुना कसा झाला विषय? जुना झाला असता तर मागच्या रांगांना हसू फुटलं नसतं.

प्रयोग निर्दोष होता असं माझं म्हणणं नाही. प्रकाशयोजना ढिसाळ होती, नमाचं काम फिकं वाटलं. ते लिहा की खुशाल, पण पूर्ण बघून लिहा. मित्राचं काम करणाऱ्या मुलीचं नावही चुकीचं छापलं आहे, तेवढी दुरुस्ती तरी कराल ना?

जाता जाता आणखी एक. नगरपालिकेच्या या नाट्यगृहात महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे त्याचा फोन बंद. एसी अर्ध्या प्रयोगात बंद पडला. संस्थेकडून भाडं मात्र पूर्ण घेतलं, तेही आगाऊ. त्यावर दोन स्तंभ कधी येणार?

आपली,
एक जुनी वर्गणीदार
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)