चार रुपये महागाचं डिझेल आणि गळ्यात मारलेली बाटली

प्रति,
मा. व्यवस्थापक, किरकोळ इंधन विक्री,
विभागीय कार्यालय.

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

विषय : सोयाबीनच्या हंगामात साधं डिझेल नाकारून प्रीमियम डिझेल भरायला लावणे, कॅनसोबत ॲडिटिव्हची (डिझेलमध्ये मिसळायच्या औषधाची) बाटली घेण्याची सक्ती आणि डिझेलमध्ये आढळलेलं पाणी.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. सतरा एकर काळी भारी जमीन आहे आणि २०१२ सालचा ४२ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे. घरचं काम उरकलं की तो भाड्यानं चालतो, त्यामुळे वर्षाला साधारण चौदाशे लिटर डिझेल लागतं. ते सगळं आमच्या फाट्यावरच्या तुमच्या पंपावरूनच येतं, कारण दुसरा पंप एकवीस किलोमीटरवर आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे काय धांदल असते हे तुमच्या कार्यालयात कुणी विदर्भातलं असेल तर त्याला विचारा. सोयाबीन कापून गंजी लागलेल्या, आभाळ भरून आलेलं, मजूर मिळत नाहीत आणि थ्रेशर एका वावरातून दुसऱ्या वावरात पळतो. अशा वेळी मी पंपावर गेलो तर तुमचा पोरगा म्हणतो, "साधं संपलं काकाजी, पावरवालं हाये. त्यानं ॲव्हरेज वाढते." दर पाहिला तर साधं ९१, हे ९५. घेतलं. गंजी भिजवून चार रुपये वाचवणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. पण दहा दिवसांत हेच चार वेळा झालं. चौथ्या खेपेला माझा पुतण्या सोबत होता. आम्हाला "संपलं" सांगितल्यावर दहा मिनिटांनी त्याच पंपाच्या पलीकडच्या मशीनवरून एका ट्रकमध्ये साधं डिझेल पडताना त्यानं पाहिलं. विचारलं तर उत्तर मिळालं, "ते त्यांचं बुकिंगचं हाये." डिझेलचं बुकिंग असतं हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

चार खेपा मिळून १६० लिटर झालं. चारी पावत्या सोबत जोडल्या आहेत.

बाटलीचं प्रकरण वेगळं. थ्रेशरवर ठेवायला कॅनमध्ये वीस लिटर पाहिजे होतं. आधी म्हणाले कॅनमध्ये देता येत नाही. नियम असेल तर मान्य आहे, मी परत फिरत होतो. तर मागून आवाज, "बाटली घ्या, मंग देतो." म्हणजे नियम अडीचशे रुपयांत वितळला. बाटली २०० मिलिलिटरची, वर लिहिलं आहे की मायलेजमध्ये २० टक्क्यांपर्यंत वाढ. हा "पर्यंत" शब्द मोठा सोयीचा आहे, शून्यसुद्धा वीसपर्यंतच येतो. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालून विक्री करणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार गैर आहे. पंपावरच्या पोराला हे ठाऊक नसेल, तुम्हाला असावं.

आता मुख्य गोष्ट. प्रीमियम डिझेल म्हणजे फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. माझ्या इंजिनाला त्याचा काय फायदा, हे तुमच्या पंपावर कुणी सांगू शकलं नाही, म्हणून मी ते स्वतःच मोजलं.

सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी सहा एकरांच्या सपाट तुकड्यात रोटाव्हेटर मारायचा होता. वाफसा सगळीकडे सारखा होता. एकेक एकराचे सहा पट्टे पाडले आणि एक पट्टा साध्यावर, एक प्रीमियमवर असं आलटून पालटून केलं, म्हणजे ऊन चढून जमीन कडक होत गेली तरी दोघांना सारखीच वागणूक. टाकीच्या मापात लिटरभर इकडेतिकडे होतं, म्हणून आमच्या मिस्त्रीनं टाकीची नळी काढून दहा लिटरची कॅन बॉनेटच्या बाजूला सलाईनसारखी टांगली. रिटर्नची, म्हणजे इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी, नळीही त्याच कॅनमध्ये सोडली, नाहीतर हिशोब चुकला असता. प्रत्येक वेळी इंधन बदलताना हातपंपानं फिल्टरमधलं जुनं डिझेल काढून टाकलं. गिअर एक, आरपीएम एक, चालवणारा मी एकटाच. पट्टा संपला की उरलेलं डिझेल डेअरीतल्या स्टीलच्या लिटरच्या मापानं मोजायचं.

साध्यावर एकरी ४.७, ४.९ आणि ४.६ लिटर लागलं. प्रीमियमवर ४.६, ४.८ आणि ४.७. तीन एकरांची बेरीज केली तर १४.२ विरुद्ध १४.१ लिटर, म्हणजे शंभर मिलिलिटरचा फरक. एकट्या साध्या डिझेलच्याच दोन पट्ट्यांत तीनशे मिलिलिटरचा फरक आहे, कारण मधल्या पट्ट्यात बांधाजवळ ढेकळं जास्त होती. रुपयांत सांगायचं तर साधं १,२९२ रुपयांचं लागलं आणि प्रीमियम १,३३९ रुपयांचं. चार रुपये वसूल व्हायचे तर तीन एकरांत सहाशे मिलिलिटर वाचायला हवं होतं.

तुमच्या विक्री अधिकाऱ्याला फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, एका दिवसात परिणाम दिसत नसतो, चार-पाच टाक्या चालवाव्या लागतात, मग इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे नोझल, स्वच्छ होतात. बोलणं रास्त आहे. पण साहेब, १६० लिटर तर तुम्हीच मला आधी पाजलं होतं, आणि मोजमाप त्यानंतरचं आहे. दुसरं असं की मे महिन्यात मी तिन्ही नोझल काढून टेस्टिंगवर लावले होते. एक थेंब थेंब गळत होता, तो बदलला. त्याआधी याच वावरात एकरी साडेपाच लिटर लागत होतं, त्यानंतर पावणेपाचच्या आसपास आलं. जी काही बचत व्हायची होती ती तिथंच झाली. धुतलेल्या भांड्याला आणखी किती साबण लावणार?

तुमच्या पत्रकात सिटेन वाढवल्याचा मोठा उल्लेख आहे. मी जेवढं वाचलं त्यावरून सांगतो. सिटेन म्हणजे डिझेल किती लवकर पेट घेतं त्याचं माप. भारतात साध्या डिझेललाही सिटेन किमान ५१ असावं असं मानक आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांचं) इंधन आलं, त्यात गंधक दर दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही, आणि ते साध्या डिझेललाही लागू आहे. सिटेन वाढलं तर थंडीत इंजिन लवकर चालू होतं, सुरुवातीचा पांढरा धूर आणि ठोका कमी होतो. पण त्यानं लिटरमधली ताकद वाढत नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा सोडल्या तर थंडीचा प्रश्नच येत नाही. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या सीटवर पोतं टाकल्याशिवाय बसता येत नाही, तिथं थंडीतल्या स्टार्टिंगचे चार रुपये कशाचे? डिझेल गोठू नये म्हणून जी औषधं मिळतात तीही बाटलीच्या कपाटात ठेवली होती. ती लडाखला पाठवा.

ज्यांना उपयोग आहे त्यांना तसं सांगा, म्हणजे तक्रारच राहणार नाही. माझ्या पुतण्याकडे बीएस-६ पिकअप आहे. त्यात कॉमन रेल, म्हणजे जास्त दाबानं डिझेल फवारणारी यंत्रणा, आहे, हजार-दीड हजार बारच्या पुढच्या दाबानं बारीक छिद्रांतून डिझेल जातं, आणि तिथं थोडा थर बसला तरी फवारा बिघडतो. अशा गाडीत स्वच्छता राखणारं डिटर्जंट घातलेलं डिझेल मधूनमधून घालावं असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम स्टेज फोर हे धुराचे कडक नियम लागू झाले, त्यांतही असली इंजिनं आली. पण आमच्या पंचक्रोशीतले बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे आहेत, साध्या मेकॅनिकल पंपावर चालणारे. त्यांचा नोझल दोनशेच्या आसपास बारला उघडतो. दोघांना एकच औषध आणि एकच जाहिरात?

आणखी एक भीती तुमच्या पंपावर पद्धतशीर विकली जाते. "नव्या डिझेलमध्ये गंधक नाही, पंप कोरडा चालते, घासून जाईल, म्हणून हे घ्या." याच भीतीनं आमच्या गावात अर्धे लोक डिझेलमध्ये टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये घालायचं तेल) ओततात. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं. पण म्हणूनच मानकात घर्षणाच्या चाचणीची अट आहे, झिजेचा डाग ४६० मायक्रॉनच्या आत असला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारं द्रव्य साध्या डिझेलमध्येही मिसळूनच येतं. ही गोष्ट तुम्ही पंपावर मराठीत चार ओळींत लिहून लावलीत तर कितीतरी नव्या गाड्यांच्या धुराच्या फिल्टरात टू-टीची राख जाणार नाही. पण मग बाटल्या कोण घेणार?

आता पाणी. चौथ्या खेपेनंतर दोन दिवसांनी ट्रॅक्टर चढावर गचके खाऊ लागला. मिस्त्रीनं फिल्टरखालची काचेची वाटी सोडली. वर पिवळसर डिझेल आणि तळाशी, बोटाच्या पेराएवढा, स्वच्छ पाण्याचा थर. वाटी तिरपी केली की तो थर पाऱ्यासारखा वेगळा सरकायचा. मी पंपावर जाऊन दाखवली. तिथं मला काय सांगितलं असेल? बाटली घाला म्हणून! मिस्त्री सोबतच होता. तो म्हणाला, "काहून बे, बाटलीनं पाणी जाते का कधी? तळघरातल्या टाकीत पाहा ना."

टाकीत पाहायला सांगितलं तर मालक गावाला गेलेले. डिपरॉडला (टाकीतली पातळी मोजायच्या दांडीला) पाणी दाखवणारी पेस्ट लावून तपासा म्हटलं, पेस्ट संपलेली. घनता तपासायची म्हटलं तर जार होता, थर्मामीटर होता, घनता दाखवणारा हायड्रोमीटर फुटलेला. ग्राहकानं मागितल्यावर ही तपासणी करून दाखवावी लागते हे तिथल्याच भिंतीवर लिहिलं आहे. रजिस्टरमध्ये मात्र त्या सकाळची घनता नीट सुबक अक्षरात भरलेली होती, टँकरच्या चलनाशी तंतोतंत जुळणारी. फुटक्या हायड्रोमीटरनं ती कशी मोजली हे मला जाणून घ्यायचं आहे. चलनातल्या आणि मोजलेल्या घनतेतला फरक तीनच्या आत असला की चालतं असं मला सांगण्यात आलं. मी तीन विचारले नव्हते, मी पाण्याबद्दल विचारलं होतं, आणि तळाशी बसलेलं पाणी वरच्या डिझेलची घनता मोजून सापडत नाही.

पाणी माझ्या टाकीत किंवा कॅनमध्येही शिरू शकतं, हे मला कळतं. म्हणून सांगतो, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असतो, टाकीच्या झाकणाचं रबर मे महिन्यात नवीन टाकलं, आणि आमच्याच गावातल्या आणखी दोघांच्या वाटीत त्याच आठवड्यात पाणी निघालं. दोघांनीही तुमच्याच पंपावर भरलं होतं. ते लेखी द्यायला तयार आहेत.

त्यामुळे मला प्रीमियम आणि साधं हा वादच थोडा बाजूचा वाटतो. मला डिझेल हवं, बिनपाण्याचं आणि मापात. पाच लिटरच्या मापात पंचवीस मिलिलिटरपर्यंतची तूट कायद्यानं चालते, तेवढी मी सोडून देतो. त्यावर चार रुपये घालून डिटर्जंट देण्याआधी तळघरातल्या टाकीतलं पाणी काढा. त्या चार रुपयांतले सगळे तुमच्याकडे जात नसतील, ब्रँडेड डिझेलवर उत्पादन शुल्कही साध्यापेक्षा जास्त असतं. म्हणजे मी तुमच्या सक्तीपायी सरकारलाही जास्तीचा कर भरला.

मला १६० लिटरचे जास्तीचे ६४० रुपये आणि बाटलीचे २५० असे ८९० रुपये परत हवे आहेत. फिल्टर आणि मिस्त्रीचा खर्च मी मागत नाही, कारण त्याची पावती मिस्त्री देत नाही. ऑक्टोबरच्या त्या दहा दिवसांत पंपावर साध्या डिझेलचा साठा किती होता हे टँकरच्या चलनांवरून लेखी कळवा. तुमचं प्रीमियम डिझेल मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये किती टक्के बचत करतं, कुठं तपासलं, किती तास चालवून तपासलं, तेही कळवा. तसं काही तपासलेलं नसेल तर तसं लिहा, मला वाईट वाटणार नाही. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.

त्या पंपावरच्या पोराला कामावरून काढू नका. त्याला दिवसाला किती बाटल्या खपवायच्या ते वरून ठरलेलं असतं, हे त्यानंच मला सांगितलं.

उत्तर मराठीत पाठवावं. फोन करायचा असेल तर सकाळी आठच्या आत करा, नंतर मी हरभऱ्याच्या वावरात असतो आणि तिथं रेंज नाही. पावत्यांच्या झेरॉक्स आणि रिकामी बाटली सोबत पाठवली आहे. वाटीतलं पाणी काचेच्या शिशीत भरून ठेवलं आहे, पण त्यात वर डिझेल असल्यानं कुरिअरवाला घेत नाही. तुमचा माणूस आला की त्याच्या हातात देईन.

आपला,
एक ट्रॅक्टरमालक ग्राहक
(नाव, पत्ता व फोन पावत्यांच्या पाठीमागे लिहिला आहे)