वाफ्याची भरती घाईनं करू नको

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
अक्षय तृतीयेनंतरचा रविवार

चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, ‘बाबा, मागच्या आंगणात उंच वाफे करू का?’ मी लगेच हो म्हटलं, पण सांगायचं ते सगळं राहून गेलं. फोनवर अर्धं इकडचं अर्धं तिकडचं होते, म्हणून कागद घेऊन बसलो.

तू पाठवलेला आंगणाचा फोटो नीट पाहिला. खाली मुरूम, भिंतीच्या कडेला पाणी साचल्याचा काळा डाग. तुझ्या तिकडं, गडचिरोलीतल्या आरमोरीकडं, पाऊस आपल्यापेक्षा जास्त. अशा जागी जमिनीतच बी टाकलंस तर आषाढात मुळं सडतील. तेव्हा उंच वाफा हाच बरोबर. घरमालकांना मात्र आधी विचारून घे.

आपल्या विहिरीजवळचा पहिला वाफा तुला आठवत नसेल, तू तेव्हा वसतिगृहात होतीस. मी विटा सिमेंटमध्ये पक्क्या बसवल्या आणि शेतातली काळी माती ट्रॉलीभर आणून काठोकाठ भरली. कपाशी पिकवणारी माती, तिच्यात भाजी होणार नाही असं मनातही आलं नाही. श्रावणात ती माती फुगली. भिंतीचं पोट बाहेर आलं आणि एका रात्री अख्खी बाजू सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) रोपांवर पडली. मी ती पुन्हा उभी केली. दिवाळीनंतर तीच माती आकसली, भिंत आणि माती यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली. तुझी आई सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घालायची, ते त्या फटीतून सरळ खाली उतरून बाहेर यायचं. खाली चिखल आणि वर वांग्याची पानं लोंबलेली. तिचे ते कष्ट माझ्या घाईपायी वाया गेले, याचं मला अजून वाईट वाटते. म्हणून तुला एवढं लिहितो आहे.

रुंदी चार फुटांच्या वर नेऊ नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. पायाखाली माती एकदा दबली की सगळी मेहनत गेली. आठ फूट लांब, चार फूट रुंद, सव्वा फूट उंच असा एकच वाफा यंदा कर. त्याला चाळीस घनफूट भरती लागते, म्हणजे अर्ध्या ब्रासला (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडी कमी. ऐकायला कमी वाटते, पण मी मोजलं तेव्हा शंभराच्या वर घमेली झाली होती. म्हणून म्हणतो, एकच.

कडेला जुन्या विटा किंवा दगड कोरडेच रच, सिमेंट नको. सांध्यातून जास्तीचं पाणी निघून जाते. उतरवलेली कवेलू (कौलं) मिळाली तर अर्धी जमिनीत गाडून उभी लाव, छान आधार देतात. सिमेंटचे जुने पत्रे नको, त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. आणि फवारणीच्या औषधाचा डबा किंवा ड्रम कापून त्यात काही लावू नको, कितीही धुतलेला असो. 2017 च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले, ते दिवस मी विसरलो नाही. घरच्या भाजीजवळ ती वस्तू मला नको.

आता भरती. आधी खालचा मुरूम सब्बलीनं (पहारीनं) वीतभर फोड. हे टाळू नको, वांग्याचं मूळ खाली जायला वाट शोधते. त्यावर चार इंच वाळक्या काड्या टाक. इथं मी तुरीच्या तुराट्या टाकतो. कपाशीच्या पऱ्हाट्या टाकल्या तर बोंडं झाडून घेतो, त्यांत गुलाबी बोंडअळी लपून राहते. तुझ्याकडं आंगणातल्या वाळक्या फांद्या चालतील. मग तीन इंच पालापाचोळा किंवा धानाचं तणस, आणि त्यावर शेणाचा पातळ काला. प्रत्येक थराला पाणी दे, अगदी निथळेपर्यंत. कोरडा थर राहिला की उधई (वाळवी) तिथंच घर करते.

काड्या आणि तणस खालीच ठेव, वरच्या मातीत मिसळू नको. न कुजलेलं काडीकचरं कुजताना मातीतलं नत्र आधी स्वतः ओढून घेते आणि रोपं पिवळी पडतात. लोक मग युरिया टाकत बसतात.

वरचे आठ इंच हा खरा वाफा. दोन टोपली माती, एक टोपलं कुजलेलं शेणखत, अर्धं टोपलं रेती, असं कालव. तिकडं मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ उन्हाळ्यात शेतात टाकतात, तो मिळेल. कसदार असतो, पण चिकट. मातीच्या जागी सगळा गाळच भरलास तर माझ्या विहिरीजवळची गत होईल. दोनातलं अर्धं टोपलं गाळ पुरे. राइस मिलमधला काळा जळालेला कोंडा मिळाला तर दोन-चार ओंजळी घाल, माती हलकी राहते. गावात विचारलंस तर कन्हार माती कोणती, मोरांड माती कोणती हे जुने शेतकरी हातात घेऊन सांगतील. त्यांचं ऐक.

शेणखत घेताना हात आत घाल. गरम लागलं तर परत कर. शेणाचा वास आला तरी परत कर. मुरलेल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो आणि ते बोटांतून भुरभुर गळते. कच्च्या खताबरोबर हुमणी आणि तणाचं बी दोन्ही घरात येतात. कालवलेली माती ओली करून मुठीत दाब. मूठ उघडल्यावर गोळा राहावा, अंगठ्यानं टोचला की फुटावा. टोचूनही फुटत नसेल तर रेती वाढव, गोळाच होत नसेल तर खत.

भरून झालं की लगेच बी टाकू नको. काठाच्या वर चार बोटं ढीग ठेव, वरून पाला झाक आणि दिवसाआड पाणी मार. नवतप्याआधी (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांआधी) भरलंस तर मृगापर्यंत भरती बसेल, मग वरून पुन्हा दोन-चार टोपली घाल. पावसात बरबटी (चवळी), भेंडी, अंबाडी लाव. सांबार, मेथी पोळ्यानंतर. उन्हाळ्यात उंच वाफा लवकर वाळतो, पण ती पुढची गोष्ट.

तुझ्या आजीनं भेदराचं (टोमॅटोचं) बी राखेत घोळून चिंधीत बांधून ठेवलं आहे, बरबटीचं वेगळं. येत्या शनिवारी मी एसटीनं येतो, बी आणि सब्बल दोन्ही आणतो. मुरूम मी फोडीन. तू तेवढ्या विटा गोळा करून ठेव, आणि खत पाहायला गेलीस तर पैसे देऊ नको, मला एकदा हात घालू दे.

तुझे बाबा