नकाशात डक्ट दाखवा, मगच परवाना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत शंभर फुटी रस्ता, धामणी रस्ता, विश्रामबाग, कुपवाडची हद्द... जिकडे जावे तिकडे नव्या अपार्टमेंटचे फलक दिसतात. लिफ्ट, जनरेटर बॅकअप, कव्हर्ड पार्किंग या यादीत हल्ली 'वायफाय रेडी' याचीही भर पडली आहे. हे 'रेडी' म्हणजे नक्की काय, ते ताबा घेतल्यावरच कळते.

आमच्या इमारतीत बिल्डरने प्रत्येक हॉलमध्ये टीव्हीच्या जागी एक प्लास्टिकची चौकट बसवून दिली होती. उघडून पाहिले तर मागचा पाइप वीतभर जाऊन भिंतीतच संपलेला. मग एका इंटरनेटवाल्याने गच्चीवरून वायर सोडली, दुसऱ्याने शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला बांधून आणली, तिसऱ्याने जिन्याच्या खिडकीची जाळी कापली. बाहेरच्या भिंतीला ज्याने त्याने आपापले ड्रिल मारले. त्या भोकांतून पावसाळ्यात पाणी मुरते, आतल्या रंगाला पोपडे येतात आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च मेंटेनन्समधून निघतो. कनेक्शन बंद केलेल्यांच्या वायरी कोणी काढून नेत नाही, त्या लोंबतच राहतात. सोसायटीचा सचिव असल्यामुळे या तक्रारींचे फोन मलाच येतात, म्हणून हे पत्र.

खरे तर लागते फार थोडे. कंपाउंडपाशी एक चेंबर, तिथून इमारतीत येणारे दोन पाइप, तळापासून गच्चीपर्यंत लाइटच्या वायरींपासून वेगळी उभी डक्ट (म्हणजे वायरी नेण्याची बंदिस्त वाट), प्रत्येक मजल्यावर तिला उघडता येणारे झाकण आणि तिथून प्रत्येक फ्लॅटमध्ये जाणारा पाइप. हा पाइप जिथे संपतो तिथे एक प्लग पॉइंट हवा, नाहीतर राउटरसाठी एक्स्टेंशन बोर्ड घरभर फिरतो. पाइपाला काटकोनात एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा, कारण फायबर फार मुडपला की सिग्नल पडतो. स्लॅब टाकण्याआधी हे सगळे किरकोळ काम असते. नंतर तेच करायला कोअर कटिंगचे मशीन आणावे लागते आणि मजल्यामजल्यावर परवानगीसाठी मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

नियमांत याची दखल नाही असे नाही. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 मध्ये दूरसंचार व्यवस्थेसाठी स्वतंत्र विभाग आहे. केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींतही इमारतीतल्या सामायिक दूरसंचार सुविधांची भर घातली गेली, पण ते उपविधी स्वीकारणे न स्वीकारणे राज्यांच्या हाती. 'ट्राय'ने, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारे देण्याचे विनियम काढले. कल्पना चांगली, पण हे मूल्यांकन ऐच्छिक आहे. पुण्या-मुंबईची मोठी संकुले ते करून घेतील आणि तारे जाहिरातीत छापतील. सांगलीत बारा-सोळा फ्लॅटची इमारत बांधणारा बिल्डर कशाला त्या भानगडीत पडेल?

म्हणून हा विषय बांधकाम परवान्यातच यायला हवा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, 500 चौ. मी. आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. सौर पाणीतापक आहे, सांडपाण्याचा पुनर्वापर आहे. आमच्या मंजूर नकाशात पावसाच्या पाण्याचा खड्डा ठसठशीत दाखवलेला आहे (तो प्रत्यक्षात कसा आहे हा वेगळ्या पत्राचा विषय), मात्र इंटरनेटच्या वायरीसाठी त्यावर एक रेघसुद्धा नाही.

सांगलीला तर यात इतर शहरांपेक्षा जास्त लक्ष घालायला हवे, कारण आपल्याकडे कृष्णा घरात येते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते आणि 2021 मध्ये पुन्हा पूर आला. निळ्या आणि लाल पूररेषांमधल्या बांधकामाला जोत्याच्या उंचीची अट आहे. पण इंटरनेटचा डबा, म्हणजे इमारतीत येणाऱ्या लाइनची यंत्रे ठेवायची पेटी, बसतो कुठे? पार्किंगच्या भिंतीवर, मीटरबोर्डाशेजारी, बऱ्याचदा गुडघ्याच्या उंचीवर. काचेच्या फायबरला पाण्याने फारसे काही होत नाही. जातात ते स्विच, अ‍ॅडॉप्टर आणि बॅटऱ्या. वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला बोट मागवायची असते, औषध सांगायचे असते, आणि नेमका तेव्हाच खालचा डबा पाण्यात असतो. पूरपट्ट्यात हा डबा पहिल्या मजल्याच्या वर, बॅटरीसह, एवढी अट घालायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. बिल्डर एकाच कंपनीशी ठरवून मोकळा होतो आणि दुसऱ्या कोणाला आत येऊ देत नाही. डक्ट सोसायटीच्या मालकीची आणि सर्व कंपन्यांना समान दराने खुली, हेही परवान्यातच लिहून घ्यावे.

मोबाइलवर भागेल असे म्हणणाऱ्यांनी सगळ्या भिंती काँक्रीटच्या असलेल्या नव्या इमारतीत, मागच्या बेडरूममध्ये उभे राहून फोन लावून पाहावा. फाइव्ह-जीच्या 3300 मेगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतींतून जुन्या 900 मेगाहर्ट्झपेक्षा कमी आत शिरतात. लिफ्टमध्ये आणि तळघरात तर बोलायलाच नको.

खर्च वाढेल, अशी ओरड होईल. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2022 पासून नव्या घरांना गिगाबिट, म्हणजे अतिवेगवान इंटरनेट जोडणीची सोय बंधनकारक झाली, तेव्हा कंपनीची लाइन घरापर्यंत आणण्याच्या खर्चाला दर घरामागे 2000 पौंडांची मर्यादा घातली गेली. आपल्याकडेही हवी तर मर्यादा घाला, पण इमारतीच्या आतल्या डक्टला सूट नको. लाखो रुपयांच्या फ्लॅटमध्ये चार पीव्हीसी पाइपांनी बिल्डर बुडत नाही.

यूडीसीपीआर बदलणे नगरविकास विभागाच्या हाती आहे आणि त्याला वेळ लागेल. तोवर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने नकाशावर डक्ट आणि डब्याची जागा दाखवायला सांगावी, सुरुवात पूरपट्ट्यातल्या नव्या प्रस्तावांपासून करावी. आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी पाहणीला येणाऱ्या अभियंत्याने मनाला येईल त्या फ्लॅटमधल्या पाइपात नायलॉनची दोरी घालून पाहावी. ती डब्यापर्यंत पोचली तरच सही करावी.

आपला,
एका गृहनिर्माण सोसायटीचा सचिव,
विश्रामबाग, सांगली