फिजिओ ताई, माझं चालणं मागून बघितलंत म्हणून थँक्यू

नमस्कार ताई,

आठवतंय का बघा, मी तो रिटायर्ड एसटी कंडक्टर. पहिल्याच दिवशी "दुखऱ्या गुडघ्याला पट्टा तेवढा चांगला लिहून द्या, व्यायाम बियाम मला जमायचा नाही" म्हणून तुमच्याशी हुज्जत घातली होती. तोंडावर थँक्यू म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून इथं लिहितोय.

त्याआधी मी काय काय केलं होतं ते तुम्हाला पूर्ण सांगितलंच नव्हतं. मेडिकलमधून नी कॅप आणली, एक सैल झाली म्हणून दुसरी एक साइज लहान, ती इतकी घट्ट की पोटरीवर वळ उठायचे. एका दुकानदाराने तर हा पट्टा सहा महिने लावा, गुडघ्यात हाडांच्या मधली झिजलेली गादी परत भरून येते असं छातीठोक सांगितलं आणि मी पण खुळ्यासारखा पैसे मोजून आलो. तुम्ही हसला नाहीत, गादी कुठल्याच पट्ट्याने भरून येत नाही एवढंच म्हणालात, आणि त्या नी कॅपने ऊब मिळते, गुडघ्याला जरा आधार वाटतो, पण आतला भार काय हलत नाही.

मग गुडघ्याला हात लावायच्या आधी तुम्ही मला पॅसेजमधे चालायला लावलं आणि माझ्याच मोबाइलवर मागून व्हिडिओ काढला. ताई खरं सांगतो, स्वतःचं चालणं मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. उजवा पाय टेकला की गुडघा बाहेरच्या बाजूला झोल खातोय, आणि मी आपला दुखऱ्या पायावरून लवकर सुटायचं म्हणून डावं पाऊल घाईघाईने टाकतोय. बायको दोन वर्षं सांगत होती तुम्ही फेंगडं चालता म्हणून, मी तिच्यावरच डाफरायचो.

माझी झीज गुडघ्याच्या आतल्या बाजूला जास्त, पाय धनुष्यासारखा वाकलेला, म्हणून प्रत्येक पावलाला भार पुन्हा तिथंच. तुम्ही सांगत होता तेव्हा मी म्हणलं, म्हणजे गाडीचं अलाइनमेंट गेलं की टायर एका बाजूने खातो तसं, आणि तुम्ही म्हणालात हो काका, अगदी तसंच. तिथून पुढं मला सगळं कळायला लागलं. तुम्ही सुचवलेला बिजागरीचा ब्रेस, म्हणजे बाजूला बिजागरी असलेला कडक पट्टा, गुडघ्याला बाहेरून आत रेटतो आणि वर मांडीला, खाली पोटरीला आतून अडवतो, अशा तीन जागी दाब देऊन आतल्या बाजूचा भार थोडा कमी करतो. सगळा नाही, थोडा. आणि झीज बाहेरच्या बाजूला असती तर हाच ब्रेस उलटा पडला असता, हे मला कुठल्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

मांडीचं माप घेऊन ब्रेस बसवलात आणि परत चालवलंत. दुखणं गेलं नाही, पण झोल कमी झाला आणि दोन्ही पावलं जवळजवळ सारखी पडायला लागली. त्यात डाव्या हातात काठी दिलीत. दुखरा पाय उजवा आणि काठी डावीकडं, मला वाटलं ताईंची गफलत झाली. घरी येऊन उलटं करून बघितलं, मग गप डाव्या हातात धरली.

तक्रार पण लिहितो. उन्हात घामाने ब्रेस खाली घसरतो, पँटखाली फुगतो, लोक विचारतात काय हो, पडलात का. पण तुम्ही म्हणलात तसा चालतानाच लावतो, झोपताना काढतो, चामडी लाल झालीय का बघतो. मांडीचे व्यायाम रोज करतो, चार किलो वजन उतरवलंय. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, हा हिशोब तेवढा कंडक्टरच्या डोक्यात फिट बसलाय.

काल घरापासून स्टँडपर्यंत चालत गेलो, मधे कट्ट्यावर एकदाच टेकलो. जुने ड्रायव्हर भेटले, चहा झाला. येताना मात्र रिक्षा केली, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी येतोय. परत मागून व्हिडिओ काढा, बायकोला दाखवायचाय.

तुमचा,
उजव्या गुडघ्याचा पेशंट