तासांचा तक्ता आणि ‘पवरत’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या समाजकार्याला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळू लागलं, याचा मला आनंद आहे. पण ही मुलं ज्यांच्या दारात येतात, त्यांच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

मी संध्याकाळची एक अभ्यासिका चालवते. दर वर्षी सत्र संपायच्या आधी विद्यार्थ्यांचा गट येतो. बॅनर लागतो, फोटो निघतात आणि तासांचा तक्ता माझ्यापुढे सहीला येतो. तास भरले की गट दिसेनासा होतो. “ताई आज येणार का?” असं लहान मुलं पुढे कितीतरी दिवस विचारत राहतात. अहवालात त्याला रकाना नाही. दोष त्या विद्यार्थ्यांचा नाही. त्यांना तासच भरायला सांगितलेले असतात.

एकदा मात्र भाषाशास्त्र शिकणारी एक मुलगी आली. आल्या आल्या तिने विचारलं, “तुम्हाला कशाची गरज आहे?” मी म्हटलं, शिकवू नकोस, मुलांचं वाचन नुसतं ऐक. ती वही घेऊन बसली. एक मुलगा ‘पर्वत’ हा शब्द दर वेळी ‘पवरत’ असा वाचायचा. आम्ही त्याला धांदरट समजत होतो. तिच्या लक्षात आलं, की रफार दिसतो ‘व’च्या डोक्यावर, पण उच्चारायचा त्याच्या आधी, मुलगा डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने प्रामाणिकपणे वाचत होता! ध्वनी आणि लिपी यांचा क्रम वेगळा असू शकतो हे ती वर्गात शिकली होती, पण ते तिला खरं भेटलं इथे, सतरंजीवर. मग तिने ‘सूर्य’, ‘गर्दी’, ‘वर्ग’ अशा शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या आणि पूर्ण सत्र ती येत राहिली. तो मुलगा ‘पर्वत’ म्हणायला लागला त्या दिवशी दोघांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

सेवा-अध्ययन (सर्व्हिस-लर्निंग), म्हणजे सेवा करता करता आपला विषय शिकणं, म्हणतात ते हेच. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास हा शब्द रूढ करणाऱ्यांपैकी एक, रॉबर्ट सिग्मन, यांनी १९७९ मध्ये त्याची तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच असं, की कोणती सेवा हवी हे ती घेणाऱ्यांनी ठरवायचं. याच क्षेत्रातले अभ्यासक जेफ्री हॉवर्ड यांनी १९९३ मध्ये स्पष्ट केलं, की क्रेडिट शिकण्याला द्यायचं, सेवेला नव्हे. त्याही आधी, १९६८ मध्ये, विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मी इतकी कठोर होणार नाही. मला हे विद्यार्थी यायला हवे आहेत.

फक्त सत्राच्या सुरुवातीला एकदा प्राध्यापकांनी आमच्याशी बोलावं. कुठला विषय शिकणारे येणार, किती दिवस टिकणार, जाताना काम कुणाच्या हाती देणार, हे ठरावं. आणि विद्यार्थ्याने काय पाहिलं, कुठे चुकला, हे लिहून घेऊन त्यावर वर्गात चर्चा व्हावी. त्याशिवाय ते काम अभ्यासक्रमाला जोडलं जात नाही.

यंदा तक्ता सहीला आला, की त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी एवढं लिहून देणार आहे.

आपली,
अभ्यासिका चालवणारी एक वाचक