मोठ्या बाबांचं वर्षश्राद्ध आणि दुकान

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, आधी निर्णय सांगते, मग रागवा. मोठ्या बाबांच्या वर्षश्राद्धाला मोठी पंगत नाही. श्राद्ध घरातच, आपली माणसं आणि गुरुजी. त्या पैशातून वस्तीत लोखंडी कूलर असलेल्या घरांत आधी अर्थिंग नीट करायचं, मग आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारे स्विच, बसवायचे. मोठ्या आईचा होकार आहे, मिस्त्रींना कळवूनही टाकलं. दुकानही त्यांनाच चालवायला दिलंय. तुमच्या मनात संगमरवरी पाटी होती, ठाऊक आहे. पण पाटी बघून मोठे बाबाच म्हणाले असते, "हिला अर्थिंग कुठाय?"

चार पानं उठायला हवीत, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांचं काम आठवा ना. १९७१ ला फौजेत ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, असताना चिखलात रुतलेल्या गाड्या ओढल्या, फौजेतून सुटून आल्यावर नागपुरात बर्डीला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. जळालेली मोटर आली की आधी फेरे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, वहीत लिहायचं, मगच जुनी कॉईल उपसायची. गेज एका नंबरनं बारीक पडला तरी मोटर तापते आणि ऐन नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, परत येते. व्हार्निश आतपर्यंत सुकल्याशिवाय मोटर हातात द्यायची नाही, गिऱ्हाईक दारात बसून राहिलं तरी. ती वहीच खरं दुकान आहे, म्हणून मिस्त्रींकडे राहू दिली. विकली असती तर रद्दीत गेली असती.

आणि गुढीपाडव्यानंतरचे ते रविवार! बल्ब-होल्डर घेऊन घरोघर. फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब लावायचा. लख्ख पेटला तर अर्थिंग आहे, मिणमिणला तर नुसती तिसरी पिन आहे. दोन पिनचा प्लग दिसला की तिथेच बदलायचा, बिल नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात ती अशानंच. टाकीतलं पाणी संपतं, पंप कोरडा फिरून तापतो, वायरचं आवरण वितळतं. किंवा वायरचा जोड पाण्यात बुडतो. करंट पेटीत उतरतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरणारं माणूस चिकटतं. एमसीबी अशा वेळी पडत नाही. त्याला शॉर्ट किंवा जादा लोड लागतो. आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीलाच लाइन तोडतो. मोठे बाबा असते तर त्यांनीही आता हेच केलं असतं, नाही का?

आई, तुझ्या कूलरची काळजी नको. मिस्त्री येऊन वाळ्याच्या ताट्या बदलतील, पंपावरचा क्षार काढतील. हॉलमधला तुझा कोपरा गार राहील, लहानपणी मी तुझ्या पदराखाली झोपायचे तितका. पण बाबा, ऐका. पाणी भरण्याआधी बटण बंद, प्लग बाहेर. पायात रबरी चप्पल. नळी लावून "एक मिनिटाचं काम" म्हणायचं नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. लाइन गेली नाही तर मिस्त्रींना फोन. दुपारी बाराच्या आत घरी यायचं, बीपीची गोळी चुकवायची नाही.

मोठ्या आईचं पेन्शन स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शन पोर्टलवर, सुरू आहे. हयातीचा दाखला दर वर्षी लागतो. तिच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तर मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. पुढच्या वर्षी ती ८० ची झाली की फॅमिली पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते. तिथे जन्मतारीख बरोबर नोंदलीय का, एवढं तुम्ही बघून ठेवा. हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही.

पाटी हवीच असेल तर दुकानात लावू, लाकडाची. मजकूर तुम्हीच लिहा. फार लांबवू नका फक्त.

तुमची,
छकुली